सुनंदाताईंवर ओरडलो त्याचं व्हाय-व्हाय

चूक माझीच होती. सगळ्या लाइनसमोर मी सुनंदाताईंवर ओरडलो, "तुम्ही लेथ चालवा, मला माप शिकवू नका!"

मी मरोळच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. पंपाच्या शाफ्टची जाडी मायक्रोमीटरने मोजायची, पास की रिजेक्ट सांगायचं. मायक्रोमीटर केसाहून बारीक फरक दाखवतो. मी पास केलेला शाफ्ट, तो लेथ मशीनवर घडवणाऱ्या ताईंनी परत आणला होता. "सावंतसाहेब, जाड वाटतोय. पुन्हा बघा ना." मी बघितला नाही. मॅनेजर देसाईंनी मोजला. जाडच निघाला.

ताईंनी दुसऱ्या युनिटला बदली मागितली.

"सावंत, पंधरा दिवस अर्ज थांबवतो," देसाई म्हणाले. "सॉरी म्हणून मोकळा हो."

"एवढा का भडकलो तेच कळत नाहीये, साहेब."

"मग व्हाय-व्हाय कर!"

माल रिजेक्ट झाला की आम्ही तो फॉर्म भरतो. का झालं? ते का? मूळ सापडेपर्यंत विचारत राहायचं. 'माणसाची चूक' हे उत्तर चालत नाही. देसाईंनी चेष्टा केली होती. मी खरंच कोरा फॉर्म घरी नेला.

का ओरडलो? चूक दाखवली म्हणून. पण चुका तर रोज कोणी ना कोणी दाखवतं! चार दिवसांनी लिहिलं : पुन्हा मोजायचं नव्हतं. का? तो रकाना कोराच राहिला.

रविवारी बायकोने गोळ्यांची पट्टी पुढे केली. "एक्स्पायरी बघ रे."

"तूच बघ ना! मी काय रिकामा बसलोय?"

"रिकामाच तर बसलायस! ओरडतोस काय?"

तोच आवाज! अगदी तोच! मी ताडकन उठलो. रिजेक्ट दोन, कारण एक! मला जवळचं बारीक दिसतच नव्हतं, ना पट्टीवरची अक्षरं, ना मायक्रोमीटरच्या रेघा. दोन महिने अंदाजाने वाचत होतो. डोळे गेले तर इन्स्पेक्टर कसला, ही भीती. पेन शोधून रकाना भरला आणि बायकोला फॉर्म वाचून दाखवला, हात लांब धरून.

देसाईंना सगळं सांगितलं. मी पास केलेले शाफ्ट पुन्हा मोजायला काढले. पहिल्याच दिवशी सॉरी म्हटलं असतं, तर ते न मोजताच पास करून टाकलेलं सॉरी झालं असतं.

ताई आजही आमच्याच लाइनवर आहेत. पंधरा दिवस संपले त्या शनिवारी मात्र त्यांनी माझा नवा चष्मा बघितला आणि लेथ बंद केली. "बोला साहेब. अर्ज आज जाणार आहे."

सगळे ऐकत होते.

"ताई, मला माप दिसलंच नव्हतं. भीती माझी होती, ओरडलो तुमच्यावर. मला माफ करा."