लायसनवाला बिरू

बिरू धनगर कोण व्हता म्हणून भोरात कुणालाबी इचारा, एकच जबाब मिळंल, तांबेचोर. आमच्या भागात इजेचं लायसन काढणारा पयला माणूस त्यो, आन् लोकांच्या ध्यानात राहिला चोर म्हणून. खरं काय ते फकस्त दोघांना ठावं व्हतं. एक तो सवता, तो मागल्या माघात गेला. दुसरी मी.

मी चंद्राबाई. माहेर किकवी, सासर भोर. मालकांचं नाव बाईमाणसानं घेऊ नये, पण ऐकणाऱ्याला कळायला पायजे म्हणून सांगते, मानसिंग. नदीकडंला आमची भाताची जमीन आन् बाजारापासनं चार घरं सोडून घर. जर्मनची लढाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्या साली मालकांच्या डोक्यात इजेच्या बत्तीचं खूळ शिरलं. शेजारच्या आळीत बत्त्या लागल्या, मग आपलंच घर काय म्हणून अंधारात? पुण्याकडनं आलेला एकजण म्हणाला, मी लायसन-बियसन काय जाणत न्हाई, पण निम्म्यात करून देतो. इजेच्या कचेरीतनं मालकांना सांगितलं, लायसनवाल्याची सही असल्याबिगर तार जोडायची न्हाई. आन् लायसनवाला भोरात एकच.

"धनगराचं पोर आपल्या आढ्यावर चढणार व्हय?" म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलं. त्यांचं नाव बयाबाई, आळीत त्यांच्याम्होरं बोलायची कुणाची छाती नव्हती. मी बी मान डोलावली. मला काय, सासूबाई म्हणतील ती पूर्व दिशा.

बिरू आला तो पायताण दाराशी काढून हात जोडून उभा राहिला. बुटका, रुंद हाताचा, पस्तिशीचा माणूस. गळ्यात पत्र्याचं एक नळकांडं अडकवलेलं. त्यातनं मेणकापडात गुंडाळलेला कागद काढला आन् मालकांना दावला, सासूबाईंना दावला, आन् मग चुलीपाशी मी व्हते तितं येऊन माझ्याम्होरं बी धरला. म्या म्हणलं, "मला कुटं वाचता येतंय, बिरूभाऊ?"

"मला बी लई येत न्हाई, वयनी," तो म्हणाला. "पण हात लावायच्या आदी ज्याचं घर त्याला लायसन दावायचं, असा नेम हाय. घर काय एकट्या मानसिंगरावांचं न्हाई."

सासरी आल्यापासनं मला कुणी कागद दावला तो तेवढाच. आता आठवलं की मन खातं.

सात दिवस काम चाललं. लाकडाच्या पट्ट्या ठोकायच्या, त्यात तार बसवायची, वर झाकण लावायचं. तार खेचताना तो तोंडानं च्यक च्यक असा आवाज करायचा, मेंढरं हाकताना करत्यात तसा. सासूबाई हसायच्या, तो बी हसायचा. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला त्याची वस्ती. बाप देवऋषी, अंगारे देणारा, लांबलांबनं लोक त्याच्याकडं यायचे. बिरू पोरसवदा असताना भाटघरच्या धरणावर दगड वाहायला गेला, तितल्या एका मिस्त्रीनं त्याला तार धरायला उभा केला, आन् मेंढरं सुटली ती सुटलीच. पुण्यात चार सालं काढली, परीक्षेत दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा लायसन घेऊनच घाट चढला. बायको त्याची लवकर गेली. रतन म्हणून एक पोर व्हती, ती आजीपाशी वस्तीवर. दुपारी पायरीवर बसून भाकरी खाताना तो तिच्याबद्दलच बोलायचा. म्हणायचा, वस्तीवर तार येईल तवा पयलं बटन रतन दाबणार.

मला तवा सातवा महिना व्हता. त्याआदी दोन पोरं गेलेली, एक पोटातच आन् एक पाचव्या दिवशी. म्हणून काम निम्म्यावर असतानाच ओटी भरायला आईनं मला किकवीला नेलं. चार दिवसांनी परत आले तवर घरात बत्ती लागली व्हती. आळीतल्या बाया बघायला आल्या, सासूबाईंनी बत्तीच्या गोळ्याला हात जोडले. दाराच्या आत लोखंडाची एक पेटी बसवलेली, तिला हात लावायचा न्हाई एवढंच मालकांनी मला सांगितलं. माझ्यामागं मागल्या दारी काय खणलं, काय पुरलं, हे मला कोण सांगणार? बायकांना सांगायची रीत कुटं हाय आमच्यात?

आठ-धा दिवसांनी न्हाणीचं पाणी जातं तितं कोंबड्यांनी माती उकरली. म्या बघितलं तर काळे कोळसे. वाकून हातानं माती सारली तर पांढरं मीठ. आन् त्याच्या खाली तांब्याचा पत्रा, ताटाएवढा, त्याला तार बांधल्याली. कोळसा, मीठ, तांबं, ते बी मी रोज न्हाते तितं पुरल्यालं, आन् पुरणारा देवऋष्याचा पोरगा. करणी करायला आणखी काय लागतं?

कुणाला इचारलं असतं तर एका शब्दात उलगडा झाला असता. पण सासूबाई म्हणणार, तुझ्याच पायगुणानं घरात हे आलं. मालक म्हणणार, बाईची अक्कल चुलीपुरती. म्हणून तोंड शिवलं. त्या दुपारी मालक शेतावर, सासूबाई देवळात. म्या खुरप्यानं खड्डा उकरला, पत्रा ओढून काढला, तार विळ्यानं तोडली. हातानं निघाले तेवढे कोळसे काढले. तारेचं टोक परत मातीत खुपसलं, वरून सारवलं, बघणाऱ्याला काय बी कळू नये म्हणून. पत्रा लुगड्यात गुंडाळून नीरेच्या डोहात टाकला, तोंडानं देवाचं नाव घेतलं आन् मागं न बघता घरी आले.

महिन्यानं बिरू आला. एक बटन सैल झालं व्हतं ते बसवलं, मागल्या दारी पाणी प्यायला. सारवलेल्या जागेकडं बघून म्हणाला, "माती खचली न्हाई, बरं हाय." मला वाटलं, करणी अजून जाग्यावर हाय का ते बघतोय. म्या त्याच्या वंजळीत पाणी असं वतलं की निम्मं बाहीवर गेलं. त्यानं बाही पिळली आन् गेला.

म्होरल्या महिन्यात मला पोरगी झाली. जिती, रडती, धडधाकट. म्हणजे माझं बरोबरच व्हतं असं मला वाटलं. गर्व चढला मला, खोटं कशाला बोलू.

मग श्रावण आला. भिंतींना ओल आली. एका संध्याकाळी मालकांनी त्या लोखंडी पेटीला हात लावला आन् तिनं त्यांना धरलं. सासूबाईंनी लाकडी पाटानं ढकलून सोडवलं. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं जळाली ती वाकडीच राहिली.

तिसऱ्या दिवशी कचेरीचा सायेब आला, बिरूला बोलावून घेतलं. आळी सगळी अंगणात. सायेब म्हणाला, खड्डा उकर. बिरूनं सवता कुदळ घेतली, घाई न्हाई, भ्या न्हाई, त्याला ठावं व्हतं की आत काय हाय. चार घाव घातले, मूठभर कोळसे निघाले. तारेचं तोडल्यालं टोक निघालं. तो थांबला. मग गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती उकरायला लागला, कोपरापातुर.

सायबानं लोकांना समजावून सांगितलं. पेटीत इज उतरली तर ती ह्या तांब्यावाटं जमिनीत जाती, माणसाला धरत न्हाई. कोळसा आन् मीठ हे जमिनीत ओल राहावी म्हणून. तांबं नसंल तर माणसाचाच तांब्याचा पत्रा व्हतो.

मी पोर कडंवर घेऊन दारात उभी. मालकांकडं बघितलं, त्यांचा हात फडक्यात बांधल्याला.

"सायेब, म्या ह्या हातानं पुरलंय," बिरू म्हणाला. "मानसिंगरावांनी पत्रा बघितलाय."

"बघितला," मालक म्हणाले. "पण आता कुटं हाय?"

लढाईचे दिस, तांबं कुटं मिळत नव्हतं. सायबानं तारेचं टोक हातात घेतलं, विळ्याचा घाव बघितला आन् इचारलं, "जोडणी झाल्यावर मागल्या दारी कोण आलं व्हतं?"

तेवढ्यात एक बाई बोलली. ती बाई मी.

"बिरूभाऊच आले व्हते. पाणी प्यायला."

एक अक्षर खोटं न्हाई त्यात. ह्याच्यापरास खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, खोटं कधीतरी उघडं पडतं. बिरूनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. कुणी नेलं ते त्याला तवाच कळलं असणार, कारण त्यानं नेलं नव्हतं आन् दुसरं कुणी त्या दारी येत नव्हतं. पण तो तोंडातनं नाव काढंना. सायबानं हात म्होरं केला. बिरूनं गळ्यातलं नळकांडं काढलं, त्यातला कागद काढला आन् दिला. रिकामं नळकांडं परत गळ्यात घातलं. त्याच्या पाठीवर लोक चोर चोर म्हणत व्हते, आन् सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं.

मी का बोलले न्हाई? तवा मला वाटलं, नवऱ्याची बोटं माझ्यापायी गेली हे कळलं तर मला पोरीसकट किकवीला धाडतील. भ्या खरंच व्हतं. पण ते पयल्या दिवसाचं, पयल्या महिन्याचं. पाच सालं काय भ्या व्हतं? पाच सालं मी नुसती लाजत व्हते, आन् लाज झाकायला गप बसत व्हते.

बिरू परत मेंढरांमागं गेला. पाच सालांनी आमच्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवायची व्हती, तो इचारायला आला. मालक म्हणाले, तांबेचोराची मेंढरं नगत. तो वळला. मी पाण्याचं निमित करून पोरीसंगट त्याच्यामागं गेले आन् वढ्यापाशी गाठून सगळं सांगितलं. करणी समजले, पत्रा डोहात टाकला, सगळं. रडले बी.

त्यानं एक चुकार मेंढरू काठीनं आत घेतलं. मग म्हणाला, "वयनी, लायसनचं जाऊ द्या. रतनची सोयरीक दोनदा मोडली. तांबेचोराची पोर नगं म्हणत्यात. आता नसरापूरचं एक घर बघतंय, ती माणसं येत्या बाजाराला भोरात येणार. देवळापाशी चार माणसांत तेवढं सांगा, बिरूनं नेलं न्हाई. कुणी नेलं ते नगा सांगू."

तेवढंच मागितलं त्यानं. म्या माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणलं.

बाजाराला गेले. मालक बरोबर व्हते. देवळापाशी बिरू उभा, धुतलेलं मुंडासं, शेजारी दोन पाव्हणे. त्यानं मला बघितलं आन् पाव्हण्यांना थांबा म्हणून खूण केली. माझ्या मनात एकच आलं, बिरूनं न्हाई नेलं म्हणलं की मालक म्होरचं इचारणार, मग कुणी नेलं? मी वळले आन् वांगी निवडायला बसले. वांगी निवडायला किती येळ लागतो? मी लई येळ लावला. उठले तवा तितं कोण नव्हतं. ती सोयरीक बी मोडली.

संस्थान गेलं. सासूबाई गेल्या. मागल्या माघात बिरू गेला, थंडीतापानं, वस्तीवरच. त्याच्या मातीला आमच्या घरचं कोण गेलं न्हाई.

गेल्या बाजारी एक तरणी पोर लोणी इकायला बसली व्हती, हिर्डोशीकडची. तोंडवळ्यावरनं म्या वळखलं. इचारलं, कुणाची गं तू? म्हणाली, "बिरू धनगराची रतन." आन् मी कोण ते म्या आपणहून सांगितलं, मानसिंगरावांच्या घरची चंद्राबाई. वाटलं, आता ही थुंकणार तोंडावर. थुंकावं असंच वाटत व्हतं.

ती हसली. म्हणाली, "बा सांगायचा तुमच्या घरचं. सात दिवस काम केलं, वयनी माणूस चांगली म्हणायचा. घ्या की मावशी लोणी, ताजं हाय."

तांबं कुणी नेलं ते बानं पोरीला बी सांगितलं नव्हतं. मालक चार पावलांवर उभे व्हते, बाजार भरल्याला व्हता. म्या लोणी घेतलं आन् घरी आले.