वसंताभाऊंच्या घरची लाइन

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. मी पिपरी मेघेत राहतो, फायबर केबल जोडायचं काम करतो. फायबरमधला उजेड मोजणारा मीटर दाखवेल तेवढंच खरं मानायचं, ही आमच्या धंद्याची सवय. तरी हे लिहितोय… कारण घरी सांगायची हिंमत नाही.

वसंताभाऊ माझे कामातले जोडीदार, हिंगणीचे. मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा त्यांनी तिला घराचं दार बंद केलं होतं. ती पुण्याहून आईला व्हिडिओ कॉल करायची. मागे बाबा दिसले की ठेवून द्यायची. एकदा हिंगणीच्या रस्त्यावर खांबावरचा बॉक्स उघडला होता, तर भाऊ म्हणाले, "काऊन रे, या फायबरवर चोरून ऐकता नाई येत का?"

मी हसलो. "भाऊ, हा काय जुना तांब्याच्या तारेचा टेलिफोन आहे, चिमटा लावला न् ऐकलं? फायबर वाकवला तर थोडा उजेड गळते, पण त्यातलं बोलणं कुलपात राह्यते. जित्या माणसाचं काम नाई ते. मेल्यावर पाहजा!"

"पोट्टी मायशी काय बोलते, तेवढंच ऐकाचं होतं बे," ते म्हणाले, आणि करंगळीभोवती फायबर गुंडाळून बसले. मीटरवरचा आकडा उतरला.

त्याच उन्हाळ्यात भाऊ गेले. झोपेतच.

काही महिन्यांनी वहिनींची तक्रार आली. "पोरीचा फोन आला का चित्र अटकते जी. बाकी टीव्ही, मोबाइल सारं बरोबर चालते."

जाऊन मीटर लावला. खरंच — मुलीचा कॉल लागला की प्रकाश उतरायचा, संपला की पूर्ववत. दोष त्याच खांबावरच्या बॉक्समध्ये निघाला. कोणी चोरून ऐकायला फायबर वाकवला, तर अगदी असाच दोष दिसतो.

वहिनींना कॉल लावायला सांगून मी शिडीवर चढलो. बॉक्सला मीच लावलेलं सील तसंच होतं. उघडलं… केसासारखा तो फायबर ट्रेमधून वर उचललेला, गोल वळलेला. आत बोट असावं तसा. वारा नव्हता.

मी घाबरलो. विचारच केला नाही. दाबून जागेवर बसवला, वरून टेप मारली, बॉक्स बंद केला.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. "चित्र नाई अटकत आता," म्हणाल्या. "भाऊजी, पोरीले वाटे, बाबा ऐकून राह्यले म्हणून अटकते. काल रात्री तिनं हिंमत केली. म्हणे, 'बाबा, मी राग सोडला. ऐकून राह्यले ना?' आमी दोघी मायलेकी वाट पाहत बसलो… चित्र चालतच राह्यलं."

टेपचं मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.

पुन्हा जाऊन टेप काढली. फायबर स्वतःच्या करंगळीभोवती फिरवून तसाच गोल ठेवला. तर लाइन दिवसभरच अटकू लागली, टीव्हीसकट. वाकलेल्या फायबरचं होतं तेच झालं. शेवटी सरळ करावा लागला. टेप मात्र परत लावली नाही.

हिंगणीकडे काम निघालं की मी वहिनींना मुलीला कॉल लावायला सांगतो आणि मीटर धरून उभा राहतो. आकडा हलत नाही. तेव्हा तो का हलायचा, हे मला आजही सांगता येत नाही… आणि का थांबला, ते सांगवत नाही.