खिडकीवरचा लढाईचा कागद

एकाहत्तरची लढाई पंधरवड्यात आटोपली. आमच्या खिडकीवर ती आणखी चार वर्षं चालली, आणि त्याचं सगळं श्रेय आमच्या वडिलांचं.

तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला, एका आगरी मालकिणीच्या चाळीत राहत होतो. ब्लॅकआउटसाठी सगळ्यांनीच काचांना काळा कागद लावला होता, पण लोकांनी तो लावला गव्हाच्या पिठाच्या खळीने. वडील मुंबईच्या कचेरीत कारकून. त्यांना खळ कशी पटणार? सुतार ज्याने खुर्च्या जोडतात तो सरस आणून, स्टोव्हवर उकळून, त्यांनी कागद चिकटवला. खिडकीबाहेर मैलभर मिठागरं, त्यांतलं पाणी चांदण्यात लखलखतंय, आणि शत्रूच्या विमानाला दिसणार होता तो आमचा चाळीस वॅटचा दिवा!

लढाई संपली तसे शेजाऱ्यांनी ओल्या फडक्याने कागद पुसून टाकले. वडील म्हणाले, "राहू दे. पुन्हा झाली तर?" रत्नागिरीहून येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या होत्या, एक ट्रंक आणि आपलंच खरं.

नुकसान झालं ते आईचं. ती शिंप्याकडून ब्लाउज आणून त्यांची काजं करून द्यायची. तिच्या हातचं काज इतकं रेखीव, की शिंपी हे काम दुसऱ्या कुणाला देत नसे. त्यातच तिचा जीव होता. खोलीला खिडकी एकच, तीही आता भिंत झालेली. भरदिवसा दिवा लावणं म्हणजे वडिलांच्या लेखी माज. मग आई दारात बसून शिवू लागली. टाके वाकडे पडायला लागले, सुई ओवायला मला हाका सुरू झाल्या, शिंप्याकडून येणारे कपडे कमी झाले. "त्या मेल्या कागदामुळे गं," ती म्हणायची. मीही तेच म्हणायचे आणि वडिलांवर दात खायचे.

शेवटी मालकिणीच्या मुलाचं लग्न ठरलं, चाळीला रंग काढायचा ठरला, तेव्हा ती आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"लढाई कवाच सरली, तुमचे घरान अजून ब्लॅकआउट हाय का? रविवारनंतर मना कागद दिसला न्हाय पायजे!"

घरातले वाघ तिच्यापुढे नुसते "हो, हो" करत राहिले.

पण त्यातही त्यांचं शहाणपण होतंच. कागद फाडायचा नाही, अखंड सोडवायचा आणि गुंडाळी करून ठेवायचा, पुढच्या लढाईला! शनिवारची सबंध दुपार मी गरम पाण्यात भिजवलेलं गोणपाट काचेवर दाबून धरलं. सरस बुळबुळीत होऊन कोपरापर्यंत ओघळत होता, खोलीभर मेलेल्या जनावराचा वास, आणि कागद तसूभर हलेना. वडील मागे उभे राहून "हळू, कोपरा सांभाळ" एवढंच करत होते. रविवारी सकाळी ते दाढी करायला बाहेर पडले आणि मी उलथनं घेतलं. खरवडून खरवडून त्या कागदाच्या चिंध्या केल्या. उरलेले तुकडे ब्लेडने काढले, काच सोड्याने धुतली. बाहेर मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी दिसू लागल्या, आणि खोलीत एवढं ऊन आलं की कोपऱ्यातली जळमटं मोजून घ्यावीत. मला स्वतःचा भारी अभिमान वाटला.

आईला हाताला धरून खिडकीशी बसवलं, मांडीवर ब्लाउज दिला. "घे, आता शिव मनसोक्त!"

तिने सुई उजेडाकडे धरली. दोरा सुईच्या शेजारून गेला. पुन्हा तसाच गेला. तिसऱ्यांदा ती इतकी पुढे सरकली की तिचं नाक काचेला टेकलं.

"वरच्या बाजूचा राहिलाय का गं अजून?" तिने विचारलं.

काचेवर काहीही राहिलं नव्हतं. चार वर्षं वडिलांना मूर्ख ठरवण्यात मी इतकी गुंग होते, की दारातल्या लख्ख उन्हातही तिचे टाके का चुकतात, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"हो, राहिलाय थोडा," मी म्हटलं, आणि उलथनं घेऊन ती स्वच्छ काच खरवडत बसले.