गायीत गेलेला हात

माझा डावा हात कोपराच्या वरपर्यंत गायीच्या आत होता, तेव्हा मालगुजाराच्या पाव्हण्यानं मला ओळखलं.

"अबे, हा तं आमच्या गावचा हाये," तो म्हणाला. "महारवाड्यातला. याचा बाप आमच्या घरची मेलेली ढोरं ओढे."

 शेपूट धरून उभ्या असलेल्या सालगड्यानं शेपूट सोडून दिलं.

"हात काढ," मालगुजार म्हणाला.

आणि मी काय म्हणालो? सांगताना आजही लाज वाटते. मी म्हणालो, "मालक, दोन मिनिटं थांबा. बी वाया जाईन."

मी सरकारी केंद्रात स्टॉकमन होतो. गावोगाव सायकलवर जायचं आणि माजावर आलेल्या गायींना जातिवंत सांडाचं बीज द्यायचं, हे माझं काम. सांड केंद्रावरच असायचा. त्याचं बीज अंड्याच्या बलकात मिसळून काचेच्या कुपीत भरायचे. कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये. एक हात मागून गायीच्या आत घालून गर्भाशयाचं तोंड बोटांत धरायचं, दुसऱ्या हातानं काचेची नळी सरकवायची. सांडानं गायीला हुंगलंही नाही आणि गाय गाभण. सुरुवातीला लोक हसायचे. मग वासरं झाली, तसे बोलवायला लागले.

हे काम शिकायला मी नागपूरला होतो. तिथं एका मास्तरांनी सूक्ष्मदर्शकाखाली सांडाचं बीज दाखवलं. थेंबभर पाण्यात हजारो जीव वळवळत होते. मास्तर म्हणाले, प्रत्येकाच्या पोटात बारीक धागे आहेत. अर्धे धागे बापाचे, अर्धे आईचे, दोन्ही मिळून वासरू. रंग, शिंगं, दूध, सगळं त्या धाग्यांतून उतरतं. त्यात डीएनए नावाचं द्रव्य असतं, आणि त्याला दोराला असतो तसा पीळ आहे, असं विलायतेत नुकतंच सापडलं. रक्ताचा त्यात संबंध नाही. रक्त नुसतं पोसतं.

मी उठून विचारलं, "सर, माणसाचंही असंच?"

त्यांनी सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं. मग म्हणाले, "हो. पण ते परीक्षेत येत नाही."

वर्गात हसले सगळे. मी हसलो नाही. मी ते वहीत लिहून घेतलं.

पण वहीत लिहिणं वेगळं. नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी केंद्राचे डॉक्टर म्हणाले, "गावात नाव सांगायचं. आडनाव सांगायचं नाही. कोणी विचारलं तर सरकारी माणूस म्हणायचं." मी मान हलवली. छप्पन साली आईसोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. देव सोडले होते, पण आडनाव सांगायची वेळ आली की ते गिळत होतो.

मालगुजाराच्या घरी मी आदल्या वर्षी पहिल्यांदा गेलो होतो. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचा हक्क, सरकारनं काढून घेतली होती, तरी गाव त्याला मालगुजारच म्हणे. आर्वीकडून आणलेली त्याची पांढरीशुभ्र गवळाऊ गाय तीन वेळा उलटली होती, गाभ धरत नव्हती. माझ्या हातानं पहिल्याच खेपेला धरला. कालवड झाली. तेव्हा त्यानं मला ओसरीवर बसवून जेवू घातलं होतं. "बाबू, हात चांगला हाये तुमचा," म्हणाला होता.

तोच हात आता त्यानं स्वतः ओढून बाहेर काढला. केस धरून मला मागं खेचलं. मी शेणात पडलो.

"कोनता हात घातला बे?"

 हात शेणानं माखलेला होता, विचारायची गरज नव्हती.

दोन सालगड्यांनी मला दगडी गव्हाणीवर पालथं पाडलं. एक खांद्यावर बसला. दुसऱ्यानं मनगट धरून हात गव्हाणीच्या काठावर ताणला. पाव्हण्यानं बैलबंडीच्या कडेची लाकडी उभारी उपसून आणली. पहिला घाव दंडावर. दुसरा कोपराखाली. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. तो आवाज माझ्या हाताचा आहे हे मला जरा उशिरानं कळलं. मग मी ओरडलो. गाय दावं ताणून मागं सरली.

मालगुजारानं थर्मास उघडला. एक कुपी काढून बूच फेकलं आणि आतलं सगळं माझ्या तोंडावर ओतलं.

"घे. तुहं बी तुले."

बर्फासारखं थंड. बलक डोळ्यांत गेला. थर्मास त्यानं उंबऱ्यावर आपटला. मला खुंट्याला बांधलं. मग समोरच गाय धुवायला घेतली. आधी पाणी, मग गोमूत्र, पुन्हा पाणी. माझा हात ज्या जागी गेला होता ती जागा चोळून चोळून धुतली. गाय पाय झाडत होती. तिला काय झालं होतं?

मला जिथं बांधलं होतं तिथून दोन हातांवर ती कालवड होती. तीन महिन्यांची. कापसासारखी पांढरी, काळ्याभोर डोळ्यांची. धुणाऱ्या सालगड्याच्या मनात काय आलं कोणास ठाऊक, त्यानं विचारलं, "मालक, या वासराचं का करता? हे बी त्याच्याच हातचं हाये."

मालगुजारानं कालवडीकडे पाहिलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"राहू दे. चांगल्या रक्ताची हाये."

मला हसू फुटलं. हात मोडलेला, तोंडावर बलक वाळत चाललेला, आणि मी हसत होतो. आवरेना.

"काऊन हासतं बे?"

"मले मारता," मी म्हणालो, "मंग वासराले काऊन ठेवता?"

लाथ बरगडीत बसली. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा लाथ. मी पुन्हा म्हणालो. ओठ फाटल्यावर शब्द नीट निघत नव्हते, पण म्हणत राहिलो. जन्मात पहिल्यांदा मी अशा माणसाला मालक म्हटलं नव्हतं.  त्याच्याकडे नुसते पाय होते.

दुपारी त्यांनी मला गावाबाहेर रस्त्यावर टाकलं. सिंदी गावच्या बाजाराला जाणाऱ्या एका बंडीवाल्यानं उचललं, रेल्वेत बसवून वर्ध्याला पोचवलं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी केंद्राचे डॉक्टर आले. खिशातून लिहून आणलेला कागद काढला. सायकलवरून पडून हात मोडला, असं त्यात होतं.

"सही कर. गावकऱ्यांनी गायी दाखवणं बंद केलं तर स्कीम बुडेल. तुझी नोकरी मी सांभाळतो. आडनाव सांगू नको म्हटलं होतं ना तुला?"

"मी कुठं सांगितलं, साहेब?"

त्यांनी पेन पुढं केलं. खाटेच्या पायथ्याशी माय बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं विचारलं, "का लिवलं हाये?" मी सांगितलं. ती उठली, डॉक्टरांच्या पुढ्यात उभी राहिली.

"साहेब, मी जिंदगीभर न वाचता आंगठे देल्ले. हा देनार नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सही केली तं घरी नको येजो."

मी सही केली नाही. उजव्या हातानं दुसरा कागद लिहिला. काय झालं ते सगळं, कुपीसकट. खाली पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, धर्म बौद्ध. ठाण्यात तो कागद घ्यायला त्यांनी मला तीन दिवस बसवलं. चौथ्या दिवशी घेतला. पुढं कोर्टात दोन्ही सालगडी म्हणाले, बाबू सायकलवरून पडला. सगळे सुटले.

हात वाकडा जुळला. कोपरातून सरळ होत नाही. आता उजवा हात गायीत घालतो आणि डाव्यानं नळी धरतो. शिकायला चार महिने लागले.

डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या तालुक्यात बदली करून देतो, तिथं तुला कोणी ओळखत नाही. मी म्हणालो, नको. मला तीच गावं द्या. त्यांनी दिली, बहुधा मी दोन दिवसांत परत येईन म्हणून.

आता मी कोणाच्याही फाटकाशी सायकल उभी करतो ती आत न शिरता. आधी मोठ्यानं नाव सांगतो. आडनाव सांगतो. महारवाडा सांगतो. दीक्षा घेतली ते सांगतो. मग विचारतो, गाय दाखवता का नाई? कित्येक फाटकं बंद होतात. होऊ देत. त्यांच्या गायी उलटत राहतील.

उद्या मालगुजाराच्या फाटकावर जाणार आहे. त्याची दुसरी गायही उलटते आहे, असा निरोप केंद्रावर आला आहे. माझं नाव मी तिथंही पूर्ण सांगणार, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. बोलावलं तर काम करीन. हात उचलला तर तो वरच्या वर धरीन. त्यासाठी माझा एक हात अजून धड आहे.