काकूनं पिल्लाला कुंकू लावलं

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला, हे आत्ताच सांगितलं न्हाय तर मला घास उतरायचा न्हाय!

परवा आमच्या उचगावच्या शेतात ऊसतोड चालू होती. टोळी तोडत पुढं जाते आणि मागनं बायका वाडं गोळा करतात, म्हंजे उसाचे हिरवे शेंडे, म्हशीला घालायला. माझ्या काकूनंबी जुन्या चादरीत वाडं बांधलं आणि माझ्या भावाच्या, अण्णाच्या गाडीवरनं घरी आणलं. गोठ्यात गाठ सोडली, तर म्हैस दावं ताणून मागंच सरली. वाड्यातनं एक ठिपक्याठिपक्याचं पिल्लू बाहेर आलं! मांजराएवढं, आणि आमच्यावरच फिसकारतंय.

अण्णा वरडला, "चित्ता! चित्त्याचं पिल्लू!"

चित्ता म्हटलं की घरात सगळे माझ्याकडं बघतात. देशात चित्ते परत आणले तेव्हापास्नं मी त्यांच्यापायी येडी झालेय, जेवतानाबी तेच सांगत बसते. मी खाली बसून नीट बघितलं. चित्त्याच्या डोळ्यापास्नं तोंडापर्यंत काळी रेघ असते, रडून काजळ ओघळल्यागत. ती न्हाय. त्याच्या पिल्लाच्या पाठीवर राखाडी केसांची झूल असते. तीबी न्हाय.

"बिबट्या हाय रं अण्णा. चित्त्याला पळायला मोकळं माळ लागतं, तो उसात काय करंल?"

"बिबट्या हाय म्हणून काय पेढे वाटू व्हय?" अण्णा म्हशीच्या मागनं बोलला.

तोवर काकू आतनं हळद-कुंकवाचा करंडा घेऊन आली. "देवीचं वाहन दारात आलंय, तेबी शुक्रवारी!" आणि मी न्हाय न्हाय म्हणेपर्यंत पिल्लाच्या कपाळाला हळद-कुंकू लावूनबी झालं.

"देवी वाघावर बसते गं काकू."

"वाघाच्याच भावकीतलं हे. तू गप."

चित्त्याची मादी पिल्लं गवतात लपवून शिकारीला जाते, परत येऊन त्यांना दुसरीकडं हलवते. ह्याची आईबी तशीच गेली असणार. आता आली तर ऊस तुटलेला, पिल्लू गायब, आणि सापडलं तरी अंगाला हळदीचा वास! "काकू, आईनं घेतलं न्हाय तर ह्याला जन्मभर पिंजऱ्यात ठेवतील."

काकूचा चेहरा पडला. "मग शिकेकाईनं धुऊ काय गं?"

"नको!" मी आणि अण्णा एकदम वरडलो.

फोन केल्यावर फॉरेस्टवाले आले. "मुट्टबेडी, मुट्टबेडी!" ते आधी कानडीत, मग मराठीत वरडले. "हात लावू नका कुणी!" त्यांच्यातल्या डॉक्टरांनी पिल्लू तपासलं, कपाळ बघून गालात हसले. "वासानं आई पिल्लू टाकत न्हाय. पण माणसांचा गलका असला तर ती जवळच येणार न्हाय."

आप्पांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, लगेच तोड थांबवली. टोळीचा मुकादम कुरकुरला, ट्रॅक्टर रिकामा परत गेला. पण पिल्लू आलेलं वाडं कुठं गोळा केलतं हे एकट्या काकूलाच ठाऊक. ती फडात चालत गेली, "हितं न्हाय, जरा पल्याड, ह्या बांधाला माझी चप्पल अडकलती," म्हणत बरोबर जागेवर थांबली. तिथं टोपलीत पिल्लू ठेवलं, समोर कॅमेरा बांधला आणि सगळे घरी आलो. काकू जेवलीच न्हाय. देवापुढं बसली आणि कुंकवाचं बोट सारखं पदराला पुसत होती.

सकाळी टोपली रिकामी! बाजूच्या ओल्या मातीत मोठ्या पंजाचे ठसे, एकाबी बोटापुढं नख उमटलेलं न्हाय. चित्त्याची नखं पुरती आत जात न्हाईत, बिबट्याची जातात. पण ते बघायला कुणाला सवड होती! कॅमेऱ्यात मादी दिसत होती. पहिल्या फोटोत वाकलेली, पिल्लाच्या कपाळावर कुंकवाचा डाग. मग लांबलचक जीभ. शेवटच्या फोटोत पिल्लू तोंडात, आणि कपाळ साफ!

काकू आधी रडली, मग हसत सुटली. "धुतलं गं बाई! आईनंच तोंड धुतलं त्याचं!" आणि तिथल्या तिथं मुकादमाला म्हणाली, "आता तोडा की. बघत काय बसलाय!"

मी अजून तो फोटो उघडून उघडून बघतेय. आता वाडं घरात आणायच्या आधी काकू एकेक शेंडा झाडून बघते, आणि अण्णा गोठ्यात पायच ठेवत न्हाय. सांगा की, तुमच्या घरीबी वैरणीतनं असं कुणाचं लेकरू आलतं काय? आणि त्याची आई परत आली काय?