वाकड्या रेघेचा तारा

"फेकाची घाई कायले करता, भाऊ?" हे तिचं पालुपद. स्क्रीनवरची नजर न हलवता, हात आडवा धरून म्हणायची.

यवतमाळात माझा टायपिंगचा क्लास आहे, रविवारी बंद असतो. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची ही पोरगी पुण्याकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी हार्ड डिस्कमध्ये घेऊन आली आणि रविवारपुरते माझे सगळे कॉम्प्युटर मागू लागली. मी नाही म्हणालो. पुढच्या रविवारी पुन्हा दारात हजर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तिसऱ्या खेपेला मी किल्लीच देऊन टाकली.

तिला पल्सर हवा होता. म्हणजे सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारा मेलेला तारा, आणि तोही हजारो ताऱ्यांच्या दाट गुच्छातला. शिष्यवृत्ती संपायच्या आत एक तरी सापडला नाही, तर संशोधन सोडावं लागणार होतं. कॉम्प्युटर संशयित संकेतांची चित्रं काढून द्यायचा. त्यात बहुतेक विजेचा नाहीतर मोबाईलचा गोंगाट. तो निवडून काढायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं.

तीस वर्षं मी पोरांचे टायपिंगचे कागद तपासतो आहे. ओळ वाकडी दिसली की काट मारायची, एवढंच हाताला ठाऊक. पल्सर घड्याळासारखा नेमका असतो, चित्रात त्याची रेघ सरळ उमटते असं ऐकलं होतं, म्हणून वाकड्या रेघेची सगळी चित्रं मी कचऱ्यात टाकली. वर मोठ्या रुबाबात तिला सांगितलंही.

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. पाणी प्यायली आणि माझा कचरा पहिल्यापासून उघडत बसली. चार रविवार गेले. पाचव्या रविवारी एका चित्रापाशी थांबली.

"हा आपल्या सोबती ताऱ्याभोवती फिरून राह्यला, भाऊ. म्हणून रेघ वाकते."

पण एकदा दिसून भागत नाही, पुन्हा दिसावा लागतो. तिनं दुर्बिणीची वेळ मागितली, मिळाली नाही. पुन्हा मागितली, मिळाली, तर तारा दिसला नाही. मी समजूत घालायला गेलो तेव्हा ती तिसरा अर्ज लिहीत होती. सोबत्याच्या आड गेला असेल, येईल बाहेर, म्हणाली.

मागच्या महिन्यात दुर्बिणीवरून तिचा फोन आला. तारा दिसला होता, लागोपाठ दोनदा. मला रडू आलं. शिष्यवृत्ती वाढली होती, ती आता तिकडेच राहणार होती. रविवारी क्लासला कुणी येणार नाही हेही तेव्हाच लक्षात आलं.

"अर्धाच कचरा पाहून झालता माह्या हातून," ती म्हणाली. "बाकीचा तुमीच पाहा, भाऊ. मले तुमच्यावर भरोसा हाये."