आठ पितळी तोफा

नाशिकला समुद्र नाही, पण जहाजांवरून भांडणारे आम्ही सहाजण आहोत. गंगापूर रोडवर आमचा छोटी लाकडी जहाजं बनवणाऱ्यांचा क्लब भरतो. तिथे एकमेकांवर संशय घेणं हीच खरी हॉबी, त्यामुळे किस्से साचतच जातात.

विंचूरचे नाना, रिटायर्ड फिटर, सहा वर्षं एकच युद्धनौका करत होते. खरी नौका कधी पुरी झालीच नाही. मोठ्या देशांनी शस्त्रं कमी करायचा करार केला आणि ती अर्धवट असतानाच भंगारात निघाली. नाना म्हणायचे, "त्यांनी मोडली, मी पुरी करतो."

*

आमचे अध्यक्ष वाघ सर सायखेड्याचे, इतिहासाचे मास्तर. न झालेली नौका पूर्ण दाखवायची म्हणजे इतिहासाच्या पेपरात कॉपी, असं त्यांचं म्हणणं. शेवटी आमचाही लेखी करार झाला. क्लबच्या प्रदर्शनात नौका तोफांशिवाय ठेवायची. नानांनी गुपचूप तोफा केल्याचं कळलं, तर नौका त्यांनी सगळ्यांसमोर स्वतः मोडायची. नानांनी न वाचता सही केली. इथेच मला पहिला संशय आला.

*

मग तपासणी! मी आणि क्लबातले कुलकर्णी न सांगता नानांच्या घरी गेलो. कॉटखाली लांबट काहीतरी चादरीत गुंडाळलेलं होतं. कुलकर्णींनी ते ओढून काढलं, तर शेवयांचा पाट. काकूंनी चहा दिला, पण साखर न घालता.

*

नानाही कमी नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी टेप लावून कुलकर्णींचं जहाज मोजलं. नियमापेक्षा दोन बोटं लांब निघालं. लाकूड दमटपणानं फुगलंय, असं कुलकर्णी म्हणाले. मे महिन्यात!

*

प्रदर्शनाच्या आधी हार्डवेअरवाल्यानं मला सहज विचारलं, तुमच्या क्लबवाल्यांनी नेलेली पितळी नळी कामाला आली का? कोणी नेली ते त्याला आठवेना. मला विचारायची गरजच वाटली नाही. रविवारी नाना नौका घेऊन क्लबात आले होते. मी सगळ्यांसमोर त्यांनाच धरलं.

"मी तोफा केल्या नाय," नाना म्हणाले. त्यांनी कपाटातली करवत काढली आणि नौका पुढ्यात ओढली. "संशय हाय ना? मग मोडतो."

मला फार वाईट वाटलं.

करवत लाकडाला लागली तेवढ्यात वाघ सर उठले. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यांनी टेबलावर सोडली. आत घासून लख्ख केलेल्या आठ पितळी तोफा होत्या.

"बसतात का बघा," सर म्हणाले.